उद्यानाचे फाटक कुणासाठी उघडे?

शहरातील माणसाला घर लागते, पाणी लागते, रस्ता लागतो, हे आज कोणाला पटवून द्यावे लागत नाही. परंतु त्याच्या मुलांना धावण्यासाठी चार गुंठे मोकळी जमीन लागते, त्याच्या वृद्ध आईवडिलांना संध्याकाळी टेकायला झाडाखालचा एखादा कट्टा लागतो, असे कोणी म्हटले की ती मागणी चैनीच्या सदरात ढकलली जाते. ‘आधी नळाला पाणी येऊ द्या, मग बागांचे बोला,’ असे ऐकविले जाते. हे ऐकविणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या सोसायटीत पाणीही असते आणि बागही असते, हे मात्र कोणी सांगत नाही. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या दोन महानगरपालिकांच्या क्षेत्रात मोकळ्या जागांची जी वाटणी झाली आहे ती पाहिली, म्हणजे हा प्रश्न शहराच्या शोभेपेक्षा न्यायाचा आहे हे ध्यानात येते. उद्याने किती आहेत, हे पाहिले पाहिजेच. पण ती कोठे आहेत, त्यांत कोणाला जाता येते, कोणत्या वेळी जाता येते आणि ती कोठे असावीत हे कोण ठरविते, हे प्रश्न अधिक मोलाचे आहेत.

या शहरांची वाढ कशी झाली, ते आठवावे लागेल. १८५३ साली बोरीबंदरहून निघालेली पहिली आगगाडी ठाण्याला येऊन थांबली. पुढील शतकभरात लोहमार्गाच्या कडेने मुंबईतील श्रमिक व मध्यमवर्गीय ठाणे, डोंबिवली, कल्याण असे दूर दूर सरकत गेले. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. ठाण्याची वागळे इस्टेट ही त्याच्या अगदी प्रारंभीच्या वसाहतींपैकी एक. कारखान्यांची आखणी झाली, त्यांना रस्ते मिळाले, पाणी मिळाले. कारखान्यांत राबणाऱ्या माणसांनी राहावे कोठे, याची आखणी मात्र कोणी केली नाही. ती माणसे किसननगर, लोकमान्यनगर अशा वस्त्यांत जमेल तशी राहू लागली. ठाण्याची महानगरपालिका १९८२ मध्ये आणि कल्याणची १९८३ मध्ये अस्तित्वात आली, तोवर या वस्त्या दाटून गेल्या होत्या. मुंबईतील १९९२-९३ च्या दंगलींनंतर हजारो मुस्लिम कुटुंबे जीव मुठीत धरून मुंब्र्याला आली. तेथेही घरे आधी उभी राहिली आणि नियोजन मागे राहिले. २०११ च्या जनगणनेत ठाण्याची लोकसंख्या सुमारे १८ लाख ४१ हजार, तर कल्याण-डोंबिवलीची सुमारे १२ लाख ४७ हजार भरली. त्यानंतर या संख्येत केवढी भर पडली असेल, ते सकाळच्या लोकलला लोंबकळणाऱ्या कोणालाही विचारावे.

म्हणजे ज्या वस्त्यांत घरे सर्वांत लहान, तेथेच मोकळी जागा सर्वांत कमी, असा हा उफराटा हिशेब आहे. वस्तुतः तो उलट असावयास हवा. ज्याच्या घरात तीन खोल्या आहेत, त्याचे मूल पावसाळ्याची दुपार घरातही खेळून काढू शकते. दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसे राहतात, तेथे अंगण ही घराचीच उणी राहिलेली खोली असते. तेथे मैदान नसेल तर मूल रस्त्यावर खेळते, लोहमार्गाच्या कडेला खेळते किंवा खेळतच नाही. मुलाला अभ्यासाला कोपरा नाही, नवऱ्याबायकोला दोन शब्द बोलायला आडोसा नाही, म्हाताऱ्याला पाय मोकळे करायला गल्ली नाही, अशा संसाराला शेजारची बाग काय देते, हे ज्याने तो संसार केला आहे त्यालाच कळते.

शहराने आपल्या भूमीची विभागणी कशी केली, याचे ठळक उदाहरण दिव्याचे आहे. लोहमार्गालगतच्या या दाट वस्तीला उद्यान मिळण्याआधी ठाण्याचा कचरा मिळाला. २०२३ पर्यंत तो वर्षानुवर्षे तेथे पडत राहिला. कल्याणात आधारवाडीच्या रहिवाशांनीही २०२१ मध्ये कचराभूमी बंद होईपर्यंत तिचा धूर आणि दुर्गंधी सोसली. कचऱ्याची जागा निवडताना गरिबांची वस्ती कारभाऱ्यांना नकाशावर अचूक सापडते. उद्यानाची जागा निवडतानाच ती कशी दिसेनाशी होते? ज्यांनी सगळ्या शहराची घाण सोसली, त्यांचा पहिल्या हिरव्या जागेवर पहिला हक्क आहे, एवढे साधे तत्त्वही आपल्या नगरनियोजनाने अद्याप मानलेले नाही.

फेब्रुवारी २०२४ मध्ये ठाण्यात कोलशेत परिसरात ‘नमो द सेंट्रल पार्क’ हे सुमारे साडेवीस एकरांचे उद्यान खुले झाले. एवढी मोठी जागा इमारतींखाली गेली नाही, याचा आम्हांला आनंद आहे, आणि सुट्टीच्या दिवशी तेथे लोटणारी गर्दी लोक मोकळ्या जागेला किती आसुसले आहेत, हेच सांगते. परंतु या उद्यानात शिरण्यासाठी तिकीट काढावे लागते. तिकिटाची रक्कम फार नाही, असे म्हटले जाईल. ज्याला वर्षातून एकदा सहल म्हणून जावयाचे आहे, त्याला ती फार नसेलही. पण उद्यान ही वर्षातून एकदा पाहण्याची वस्तू नव्हे. ती रोज संध्याकाळी वापरण्याची जागा आहे. दिव्याच्या किंवा मुंब्र्याच्या एखाद्या बाईने दोन मुले आणि सासू यांना घेऊन आधी लोकल, मग बस किंवा रिक्षा आणि मग तिकीट असा प्रवास करून महिन्यातून किती वेळा त्या हिरवळीवर बसावे? जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोपीय विभागाने सुचविलेला दंडक असा, की घरापासून तीनशे मीटरच्या, म्हणजे सुमारे पाच मिनिटे चालण्याच्या अंतरात निदान अर्धा हेक्टर हिरवी जागा असावी. आपल्याकडे केंद्र सरकारच्या २०१४ च्या नगरनियोजनविषयक मार्गदर्शक तत्त्वांत दरमाणशी दहा ते बारा चौरस मीटर मोकळ्या जागेची अपेक्षा आहे. हे दोन दंडक एकत्र वाचले पाहिजेत. शहराच्या एका टोकाला मोठे उद्यान करून सरासरी वाढविता येते. पण सरासरीच्या सावलीत कोणाला बसता येत नाही.

तिकीट दिसते तरी. न दिसणारी फाटके याहून अधिक आहेत. विकास नियमावलीप्रमाणे चार हजार चौरस मीटर वा त्याहून मोठ्या भूखंडाचा अभिन्यास करताना सर्वसाधारणपणे दहा टक्के जागा मनोरंजनासाठी मोकळी ठेवावी लागते. घोडबंदर रस्त्यावर, खडकपाड्यात, कल्याण-शीळ रस्त्याच्या दोन्ही अंगांना उभ्या राहिलेल्या गृहसंकुलांच्या जाहिरातींत जी कारंजी आणि हिरवळी झळकतात, त्यांत या जागा आहेत. त्या रहिवाशांच्या उपयोगासाठी आहेत आणि त्याला आमचा आक्षेप नाही. परंतु संपूर्ण शहरविस्तार अशा कुंपणबंद संकुलांतूनच होऊ लागला, की हिरवळ वाढते आणि सार्वजनिक उद्यान मात्र वाढत नाही. त्या संकुलात धुणीभांडी करणारी बाई सकाळी त्या बागेवरून जाते. तिच्या मुलाला त्या झोपाळ्यावर बसता येत नाही. मोठ्या नगर वसाहतींची गोष्ट तर वेगळीच आहे. राज्य शासनाने या शतकाच्या पहिल्या दशकात केलेल्या विशेष नगर वसाहतींच्या नियमावलीत वीस टक्के क्षेत्र उद्याने व क्रीडांगणे यांसाठी राखावे आणि ते सर्वसामान्य जनतेला कोणत्याही निर्बंधावाचून व भेदभावावाचून खुले असावे, असे स्पष्ट म्हटले होते. ही तरतूद अशा वसाहतींच्या फाटकावर उभ्या असलेल्या रखवालदाराला कोणी वाचून दाखविली आहे काय?

या जमिनी मुळात कोणाच्या घामाने मोलाच्या झाल्या, हेही विसरून चालणार नाही. पोखरण रस्त्यावरची, १९२५ पासूनची रेमंडची गिरणी बंद पडली आणि त्या जमिनीवर आता गृहप्रकल्प उभे आहेत. वागळे इस्टेट आणि घोडबंदर परिसरातील अनेक कारखान्यांची हीच कथा आहे. कल्याणजवळ मोहोने-आंबिवलीच्या एनआरसी कारखान्याला २००९ मध्ये टाळे लागले आणि कामगारांना आपल्या हक्काच्या देण्यांसाठी वर्षानुवर्षे झगडावे लागले. कारखाना गेला तेव्हा कामगाराची नोकरी गेली, वसाहतीतले खेळाचे पटांगण गेले. जमिनीचा भाव मात्र वाढला आणि तो त्याच्या वाट्याला आला नाही. मुंबईच्या गिरणगावाचा अनुभव ताजा असताना हे घडावे, याची खंत वाटते. तेथे गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे करून त्यांतील एक मोकळ्या जागांसाठी आणि एक परवडणाऱ्या घरांसाठी द्यावा, असे सूत्र होते. चार्ल्स कोरिया समितीने १९९६ मध्ये त्याआधारे एकत्रित आराखडाही सुचविला. २००१ मध्ये नियम असा बदलण्यात आला, की वाटणी फक्त रिकाम्या जमिनीची व्हावी. बांधकामाखालची जमीन त्यातून सुटली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो बदल उचलून धरला. लाखो कामगारांच्या गिरणगावाला जे मैदान मिळू शकले असते, ते असे एका शब्दाच्या फेरफाराने हातचे गेले. औद्योगिक जमिनींचे रूपांतर होत असताना ठाणे आणि कल्याणच्या लोकप्रतिनिधींनी हा शब्दांचा खेळ डोळ्यांत तेल घालून पाहावयास हवा.

आराखड्यातील आरक्षणांचे काय होते, तेही पाहू. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाने प्रत्येक शहराला विकास आराखडा करावयास लावले आणि उद्यान, मैदान, शाळा, दवाखाना यांसाठी भूखंड आरक्षित करण्याची सोय केली. नकाशावर हिरवा रंग भरला, की कारभाऱ्यांचे कर्तव्य संपते. याच अधिनियमाच्या १२७ व्या कलमानुसार आराखडा अंमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन संपादित झाली नाही, तर मालक खरेदीची सूचना देऊ शकतो. त्यानंतर ठरावीक मुदतीत संपादनाची पावले पडली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होते. ही मुदत पूर्वी सहा महिन्यांची होती, २००९ मध्ये ती एक वर्षाची झाली आणि २०१५ मध्ये दोन वर्षांची. मालकाच्या जमिनीवर पिढ्यान् पिढ्या टाच ठेवू नये, हे तत्त्व आम्हांला मान्य आहे. त्यांत अनेक लहान आगरी-कोळी शेतकरीही असतात आणि त्यांना योग्य मोबदला मिळालाच पाहिजे. प्रश्न असा आहे, की दहा अधिक दोन अशा बारा वर्षांत महापालिकेला जाग का येत नाही? मुदत वाढली तरी झोप तेवढीच राहिली. नुसता पत्रव्यवहार म्हणजे संपादनाचे पाऊल नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये गिरनार ट्रेडर्सच्या खटल्यात बजावले आहे. फायलीने टेबले बदलत राहावे आणि नेमक्या वेळी ती हरवावी, यात केवळ आळस असतो असे मानण्याइतका वाचक भोळा नाही.

आरक्षण व्यपगत न होताही बुडते. रिकाम्या भूखंडावर आधी गॅरेज येते, मग पत्र्याची शेड, मग एके दिवशी पाच मजली इमारत. डोंबिवली परिसरातील पासष्ट इमारती बनावट परवानग्यांच्या आधारे उभ्या राहिल्या आणि त्यांच्याविरुद्ध उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये पाडकामाचा आदेश दिला, हे प्रकरण सर्वांना ठाऊक आहे. आयुष्याची पुंजी ओतून तेथे घर घेणारा कारकून किंवा रिक्षाचालक हा गुन्हेगार नव्हे, फसविला गेलेला माणूस आहे. ४ एप्रिल २०१३ रोजी शीळफाट्याजवळची लकी कंपाऊंडमधील इमारत कोसळून चौऱ्याहत्तर जीव गेले, त्यांनी तरी स्वखुशीने मरण विकत घेतले होते काय? परवडणारे घर द्यावयाचे नाही, अनधिकृत बांधकामाकडे डोळेझाक करावयाची, आणि नंतर ‘या गरिबांनीच मैदाने खाल्ली’ असे म्हणावयाचे, ही लबाडी आहे. घराचा हक्क आणि मैदानाचा हक्क यांची झुंज लावण्यात ज्यांचा फायदा आहे, त्यांनीच दोन्ही बळकावलेले असतात.

उरलेल्या जागांवरही निरनिराळे डोळे असतात. ठाणे स्थानकाजवळच्या गावदेवी मैदानाखाली वाहनतळ बांधण्यात आला. वर मैदान शिल्लक आहे, असे म्हणता येईल. परंतु जेथे मातीखाली लगेच स्लॅब लागतो, तेथे वड रुजत नाही आणि पाणीही मुरत नाही. कल्याणचे सुभाष मैदान आणि फडके मैदान, डोंबिवलीचे भागशाळा मैदान आणि नेहरू मैदान यांवर मुलांच्या खेळाबरोबरच सभा, महोत्सव आणि प्रदर्शने यांचाही भार असतो. लोकशाहीत सभेला मैदान हवेच. आमची चळवळ मैदानांवरच वाढली, हे आम्ही कसे विसरू? परंतु मांडवाचे खड्डे दुसऱ्या दिवशी बुजविण्याची जबाबदारी कोणाची, हे एकदा ठरले पाहिजे. उद्यानात हळूहळू एखादे कार्यालय, एखादे सभागृह, एखादी व्यायामशाळा शिरते आणि तिच्या दारावर एखाद्या मंडळाची पाटी लागते. मग त्या पाटीचा मालक उद्यानाचाच मालक असल्यासारखा वागू लागतो. १९७६ मध्ये बंगळूरच्या एका वसाहतीतील उद्यानाची जागा खासगी शुश्रूषागृहाला देण्यात आली, तेव्हा तेथील नागरिक न्यायालयात गेले. उद्यान ही लोकांची ठेव आहे आणि तिचा उपयोग सरकारला मर्जीप्रमाणे बदलता येत नाही, ही त्यांची बाजू सर्वोच्च न्यायालयाने मान्य केली. शुश्रूषागृह वाईट म्हणून तो निकाल लागला नाही. लोकांना न विचारता लोकांची जागा दिली, म्हणून लागला.

वेळेचा प्रश्न याहून नाजूक आहे. अनेक उद्याने सकाळी काही तास उघडी असतात, दुपारभर बंद असतात आणि संध्याकाळी पुन्हा उघडून रात्री लवकर मिटतात. हे वेळापत्रक सकाळी फिरावयास जाणाऱ्या निवृत्त गृहस्थांच्या सोयीचे आहे. चार घरची कामे उरकून दुपारी दोन तास मोकळी होणारी मोलकरीण, नाक्यावर काम न मिळालेला मजूर, कुरिअरची पोती वाहणारा पोरगा यांना सावलीची गरज नेमकी दुपारी असते, आणि तेव्हा फाटकाला कुलूप असते. मुंबईहून नऊच्या गाडीने डोंबिवलीत उतरणाऱ्या चाकरमान्यालाही तेच कुलूप दिसते. दारुडे आणि टवाळखोर येतात म्हणून कुलूप लावावे लागते, असे उत्तर मिळते. टवाळखोरांना कुलूप अडवीत नाही. ते कुंपणावरून जातात. अडते ती बाई. दिव्याचा खांब, स्वच्छ आणि उघडे स्वच्छतागृह, पिण्याच्या पाण्याचा नळ आणि येणाऱ्याजाणाऱ्यांची वर्दळ या चार गोष्टी उद्यानाला कुलपापेक्षा अधिक सुरक्षित करतात. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी ‘व्हाय लॉइटर?’ या २०११ च्या पुस्तकात मुंबईतील स्त्रियांविषयी हेच दाखवून दिले, की स्त्रीला सार्वजनिक जागी काही कारणानेच यावे लागते; विनाकारण रेंगाळण्याचा हक्क तिला अजून मिळालेला नाही. बाकावर नुसते बसून राहण्याचा हक्क स्त्रीला मिळणे, हेही समतेचे एक माप आहे.

महाराष्ट्राला हा विचार नवा नाही. सार्वजनिक विहिरी, पाणवठे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, हा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये संमत केला. ठराव कागदावर राहिला, म्हणून २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना महाडच्या चवदार तळ्यावर जावे लागले. सार्वजनिक पैशाने जे राखले जाते ते सर्वांचे, हे तत्त्व त्या ओंजळभर पाण्याने सिद्ध केले. आज उद्यानाच्या पाटीवर कोणाची जात लिहिलेली नसते. पण पायांत चपला कोणत्या, कपडे कसे, बोली कोणती, हे पाहून कोणाला हटकावे हे ठरविणारी नजर फाटकावर आहे, आणि ती नजर जुन्या पाटीचीच वारस आहे. याउलट खुल्या जागेचे धडेही आपल्याजवळच आहेत. ठाण्याच्या तलावपाळीला तिकीट नाही. मासुंदा तलावाच्या काठाने कोणीही फिरावे, कोणीही टेकावे. १९२५ मध्ये खुल्या झालेल्या दादरच्या शिवाजी पार्कला भोवतालचा कट्टा हीच सीमा आहे, आणि तो अडविण्यासाठी नसून बसण्यासाठी आहे. डोंबिवलीत दिवाळीच्या पहाटे हजारो तरुण फडके रस्त्यावर जमतात, नव्या वर्षाची स्वागतयात्रा १९९९ पासून तेथून निघते. या शहराला एकत्र येण्याची केवढी ओढ आहे, हे त्यावरून दिसते. ज्या शहराचे तरुण रस्त्यालाच अंगण करतात, त्या शहराला अंगण देणे कारभाऱ्यांना कठीण का वाटावे?

पैसा नाही, हे ठरलेले उत्तर आहे. २०१३ च्या भूसंपादन कायद्यानंतर जमिनीचा मोबदला वाढला, हे खरे. पण रोख पैशाऐवजी हस्तांतरणीय विकास हक्क देऊन किंवा समावेशक आरक्षणाच्या मार्गाने जमीन घेण्याची सोय कायद्यात आहे आणि बिल्डरांच्या सोयीची असेल तेथे ती झपाट्याने वापरलीही जाते. शिवाय प्रत्येक वस्तीला वीस एकर कोणी मागत नाही. दुसऱ्या महायुद्धाने मोडलेल्या ॲमस्टरडॅमने १९४७ पासून वास्तुशिल्पी आल्डो व्हान आइक यांच्याकरवी गल्लीबोळांतील पडीक तुकड्यांवर मुलांसाठी लहान लहान क्रीडांगणे करावयास घेतली; तीस वर्षांत ती सातशेहून अधिक झाली. वाळूचा हौद, चढावयाची कमान, काही दगडी ठोकळे, एखादा बाक, एवढेच साहित्य. अनेक ठिकाणी शेजारपाजारच्या लोकांनी पत्र लिहून जागा सुचविली आणि नगरपालिकेने ती करून दिली. ते शहर तेव्हा श्रीमंत नव्हते. त्याने फक्त मुलांना रांगेत पहिले उभे केले.

आणि मोकळी जागा ही संकटकाळची ठेवही आहे. २६ जुलै २००५ च्या महापुरात आपण पाणी मुरण्याच्या जागा बुजविल्याचे फळ भोगले. २०२० च्या महामारीत डोंबिवलीचे सावळाराम महाराज क्रीडासंकुल रुग्णालयासाठी कामी आले. २०१६ आणि २०२४ मध्ये डोंबिवलीच्या औद्योगिक क्षेत्रातील स्फोटांनी माणसे मेली आणि दूरवरच्या घरांच्या काचा फुटल्या, तेव्हा लोकांनी बाहेर धावून उभे राहावे कोठे, हा प्रश्न काल्पनिक राहिला नाही.

आज हे सारे तातडीने लिहावयाचे कारण असे, की पुढील काही वर्षांत जे ठरेल ते दोन पिढ्यांना बदलता येणार नाही. ठाण्याच्या नव्या विकास आराखड्याचा मसुदा २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. किसननगर येथे सामूहिक विकास योजनेचा प्रारंभ २०२३ मध्ये झाला; लोकमान्यनगर, राबोडी, हाजुरी, कोपरी, टेकडी बंगला याही वस्त्या या योजनेच्या पहिल्या फळीत आहेत. ज्या वस्त्यांत आज एक झाड लावावयास जागा नाही, त्यांची पुनर्रचना होणार असेल, तर त्यांच्या मधोमध मैदान ठेवण्याची ही पहिली आणि बहुधा शेवटची संधी आहे. ते मैदान जमिनीवर असले पाहिजे, वाहनतळाच्या छतावर नव्हे. आणि ते विक्रीच्या मनोऱ्यांच्या कुंपणाआड न जाता पुनर्वसनाच्या घरांना लागून असले पाहिजे. ज्या झोपड्यांतील माणसांच्या संख्येवर बिल्डरला वाढीव चटईक्षेत्र मिळते, त्या माणसांच्या मुलांना तेवढ्याच संख्येने मैदान मिळावे, हा हिशेब तरी कारभाऱ्यांना समजेल.

या संदर्भात आमच्या मागण्या मोजक्या आहेत. दोन्ही महानगरपालिकांनी प्रत्येक प्रभागातील उद्यान व मैदान यांच्या आरक्षणांची यादी, क्षेत्रफळ, आजची स्थिती आणि आरक्षण व्यपगत होण्याची तारीख यांसह प्रभाग कार्यालयाच्या भिंतीवर मराठीत लावावी. संपादनाचा क्रम दाटीच्या आणि गरिबीच्या मापाने लावावा. दिवा, मुंब्रा, कळवा, कल्याण पूर्व आणि महापालिकेत घेतलेली सत्तावीस गावे यांना प्राधान्य मिळावे. वस्तीच्या उद्यानाला तिकीट नसावे आणि दुपारी कुलूप नसावे. अभिन्यासातील आणि वसाहतींतील ज्या जागा नियमाने जनतेच्या आहेत, तेथे तशी पाटी लागावी. आणि उद्यानात काहीही बांधण्यापूर्वी तेथील लोकांना विचारावे. उद्याने आणि क्रीडांगणे यांची तरतूद हा विषय घटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत घातला. महापालिका कायद्यात पुढे क्षेत्रसभेची सोयही झाली. पण कल्याण-डोंबिवलीत नोव्हेंबर २०२० नंतर आणि ठाण्यात मार्च २०२२ नंतर लोकनियुक्त सभागृहही दीर्घ काळ नव्हते. प्रशासकांच्या सहीने शहरे चालली, तेथे क्षेत्रसभेची काय कथा! लोकप्रतिनिधींना आम्ही एवढेच विचारतो, की तुमच्या प्रभागातील पहिली क्षेत्रसभा तुम्ही कधी बोलाविणार, आणि ती एखाद्या मोकळ्या मैदानावर बोलाविता येईल काय?

परंतु मागण्या करून थांबणे पुरेसे नाही. कामगार संघटना, महिला मंडळे, गृहनिर्माण संस्था, शिक्षक आणि तरुणांचे गट यांनी आपापल्या प्रभागाचा आराखडा मागवावा, एका रविवारी तो हातात घेऊन आरक्षित भूखंड पायी पाहून यावेत आणि काय दिसले ते लिहून ठेवावे. नकाशावर हिरवे आहे तेथे प्रत्यक्षात काय उभे आहे, हे शंभर माणसांनी एकदा डोळ्यांनी पाहिले, की फाइल हरविणे तितकेसे सोपे राहत नाही. राष्ट्र सेवा दलाच्या शाखांनी एका पिढीला समतेचे पहिले पाठ मैदानावरच्या खेळांतून दिले. खो-खोच्या रांगेत शेजारी कोण बसला आहे हे विचारावयाचे नसते, एवढी गोष्ट मुलाला पुस्तकाशिवाय तेथे समजे. ज्या वस्तीतून ते मैदानच काढून घेतले जाते, तेथल्या मुलाला ती गोष्ट आपण कोठे शिकविणार आहोत? शहरात त्याच्या वाट्याला जी जमीन येईल, तिच्यावरून ते या समाजातील आपले स्थान ओळखत असते. त्याला कुलूप लावलेले फाटक दाखवावयाचे की मोकळे पटांगण, याचा निर्णय आपण आज करावयाचा आहे.